चुलीपाशी पाणी कधी?

पंचगंगा फुगली की कोल्हापुरात जो भेटेल तो विचारतो, "किती फुटांवर आलंय?" हे फूट कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरचे. 39 ला इशारा, 43 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये मी नियंत्रण कक्षात रात्रपाळीला फोनवर होतो. दर तासाचा आकडा रजिस्टरला चढवायचा आणि 1077 या मदत क्रमांकावर फोन येईल त्याला सांगायचा. काम चोख चाललंय, असंच मला वाटत होतं.

एका रात्री अडीचच्या सुमाराला नदीकाठच्या एका गावातून एका मावशींचा फोन आला. मी म्हटलं, "47 फूट. चढतंय अजून."

"ते तुमच्या बंधाऱ्यावर. माझ्या चुलीपाशी कधी येणार, ते सांग की लेकरा."

मागे म्हैस रेकत होती. मला उत्तर देता आलं नाही.

2005 च्या पुरात पाणी त्यांच्या उंबऱ्याला शिवून परत गेलं होतं. याही वेळी तिथंच थांबेल, या भरवशावर त्या राहिल्या. पण 2019 च्या पुरात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. मावशींना बोटीनं बाहेर काढलं, पण म्हशी बोटीत चढत नाहीत. दावी कापून दोन्ही सोडून दिल्या. एकच सापडली.

लोक हट्टानं घर सोडत नाहीत, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. दारातली म्हैस हाच ज्या घराचा पगार, त्या बाईला "सुरक्षित स्थळी जा" एवढंच सांगून कसं चालेल? त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. ट्रॅक्टरनं निघायची वेळ हुकली की जीव असा बोटीवर येतो.

पूर ओसरल्यावर आम्ही काही जण मावशींच्या गावात जाऊन बसलो. पोरांच्या मोबाइलमध्ये पुराचे ढीगभर फोटो होते. फोटोची वेळ बघायची, आमच्या रजिस्टरमधला त्या तासाचा आकडा काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. दोन दिवसांत गल्लीगल्लीचा हिशोब लागला. मावशींचा उंबरा 49 ला बुडत होता. पण गावाबाहेर पडायचा रस्ता? तो 44 लाच पाण्याखाली जात होता. म्हणजे त्या रात्री त्यांनी फोन केला, तेव्हाच ट्रॅक्टरची वाट बंद झालेली होती आणि मी त्यांना नुसता आकडा वाचून दाखवत होतो. ती गोष्ट मला आजही टोचते.

रस्ता बुडायच्या दोन फूट आधीचा, 42 हा आकडा गावानं शाळेच्या भिंतीवर तेलरंगात लिहिला. बेचाळीसला जित्राबं हलवायची, वैरण आणि कागदपत्रांची पिशवी सोबत घ्यायची, असं ठरलं.

जुलै 2021 मध्ये पाणी 56 फुटांच्याही वर गेलं. त्याआधीच मावशींचा फोन आला होता. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. "बेचाळीस झाले. म्हशी ट्रॉलीत चढवल्यात, निघालो," एवढंच बोलून फोन ठेवला. घर पुन्हा बुडालं, पण गोठ्यातलं एकही जनावर गेलं नाही.

तुम्ही नदीकाठी राहत असाल, तर मागच्या पुराचे फोटो आजच काढून बघा. तुमचा रस्ता किती फुटांना बंद होतो, तो आकडा दारामागे लिहून ठेवा. शेजारच्या गल्लीचा आकडा तुम्हाला चालणार नाही.