पंधरा हजारांत किती वेग?

पुण्यात वनाझपासून शिवाजीनगर साधारण सात किलोमीटर. हे अंतर सायकलवर ताशी २२ किलोमीटरच्या वेगाने कापलं तर १९ मिनिटं लागतात, २६ च्या वेगाने कापलं तर १६. म्हणजे धाप लागेपर्यंत पायडल मारून वाचणार तीन मिनिटं, आणि तीही नळ स्टॉपचा सिग्नल हसत हसत परत घेणार. रोज सायकलने ऑफिस गाठणाऱ्याला हे गणित लवकरच पाठ होतं. मला ते इतकं पाठ आहे की ‘ही एकदम फास्ट आहे बरं का’ असं कुणी म्हणालं, की मी आधी खाली वाकून त्या सायकलची टायरं बघते.

भाच्याला शिवाजीनगरात नोकरी लागली. बाईकचे हप्ते नकोत, म्हणून त्यानं सायकल घ्यायचं ठरवलं आणि माझ्याकडे आला. “मावशी, बजेट पंधरा हजार. वर एक रुपया नाही. पण फास्ट पाहिजे.” निवड त्यानं मोबाइलवर आधीच करून ठेवली होती, माझ्याकडून फक्त होकार हवा होता. फणसाच्या सालीसारखी काटेरी जाड टायरं, पुढे झळझळीत शॉकअब्सॉर्बर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर आणि पोपटी रंग. उभी होती तरी सुसाट सुटल्यासारखी दिसत होती.

पंधरा हजारांच्या आत एवढं सगळं देणारी कंपनी कुठेतरी हात आखडता घेणारच. तो ती हबमध्ये घेते, रिममध्ये घेते, चेनमध्ये आणि ब्रेकच्या रबरांत घेते; म्हणजे ज्यांच्यावर सायकल पळते आणि थांबते, नेमकं तिथे. जे दुरून दिसतं त्यावर खर्च आणि जे दिसत नाही त्यावर काटकसर, हा या किमतीतला सरळ हिशेब आहे.

आता शहरात वेग कशानं मिळतो ते बघू. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद मुख्यतः दोन ठिकाणी जाते: टायर रस्त्यावर घासण्या-दबण्यात आणि समोरची हवा कापण्यात. वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद दुप्पट नाही, आठपट होते. म्हणून शर्यतवाले हँडलवर आडवे होतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात सगळ्यांच्या पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात; त्याला तशी सायकल शोभते, कारण त्याच्यासमोर मोकळा रस्ता असतो. पौड रोडवर सकाळी साडेनऊला ताशी ३० चा वेग सलग पाच मिनिटं टिकवून दाखवणारा अजून मला भेटायचाय. इथे आपण सरासरी १८ ते २२ ने जातो. त्या वेगाला वाऱ्याबरोबरच टायरही पैसे मागतं, आणि त्याहून जास्त वसुली करतात सिग्नल: दर वेळी शून्यापासून सुरुवात.

म्हणून पहिला पैसा टायरवर.

टायरच्या कडेवर उठावदार आकडे असतात, उदाहरणार्थ ३५-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा रिमवर टायर जिथे बसतं तिथला व्यास. ६२२ म्हणजे दुकानदार ज्याला ७००सी म्हणतात ते चाक. ५५९ म्हणजे जुनं २६ इंची. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, हे आकडे खोटं बोलत नाहीत. टायर फिरताना रस्त्याला टेकलेला भाग दबतो, पुढे जाऊन पुन्हा मूळ आकारात येतो, आणि या दबण्या-फुगण्यात पायाची ताकद उष्णता होऊन निघून जाते. काटेरी टायरचा तर एकेक काटा वाकतो आणि सुटतो. डांबरी रस्त्यावरून जाताना घर्रर्र असा जो आवाज येतो, तो तुमच्याच घामाचा. डोंगरातल्या मातीत हे काटे पकड देतात, पण कर्वे रस्त्यावर माती कुठली? असलीच तर ती खोदकामाची, आणि तिच्यावरून तसंही सायकल हातात धरूनच जावं लागतं.

मग सगळ्यात बारीक टायर घ्यावं का? नाही. २३-२५ मिलिमीटरचं शर्यतीचं टायर इथल्या रस्त्यांवर नको. चेंबरची खचलेली झाकणं, सायकल ट्रॅकवरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक, रात्रीत उगवणारे स्पीडब्रेकर. प्रत्येक ठिकाणी करकचून ब्रेक दाबावा लागतो, आणि ब्रेक दाबला की कमावलेला वेग गेला. ३२ ते ३८ मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ गुळगुळीत टायर हा शहराचा खरा वेग. ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर घसरतं अशी अनेकांची समजूत असते. मोटारीच्या रुंद टायरखाली पाण्याचा थर अडकतो हे खरं, पण सायकलचं टायर इतकं अरुंद असतं की आपल्या वेगाला ते पाणी बाजूला सारतंच. घसरायला होतं ते रंगवलेल्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर, आणि तिथे काटेही वाचवत नाहीत.

टायर कितीही चांगलं असलं तरी आत हवा हवी. भाचा ६५ किलोचा आहे. त्याला ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५ ते ६५ पीएसआय पुरे, जास्तीत जास्त किती ते टायरवरच छापलेलं असतं. ट्यूब रोज थोडी थोडी हवा सोडते, त्यामुळे आठवड्याला एकदा हवा भरणं आलंच. म्हणून ट्यूब मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हची घ्या. तिच्यात कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला मात्र वेगळा पंप किंवा जोडणी लागते. पंपावरच्या पोऱ्याला आकडा आधी सांगा. सायकलची ट्यूब क्षणात फुगते, आणि त्याचा हात ट्रकला सरावलेला असतो.

दुकानात आम्ही गेलो तेव्हा माल दाखवणारा माणूस सगळं भाच्याशीच बोलत होता. “दादा, ही घ्या. ड्युअल डिस्क, ट्वेंटी वन गिअर, फ्रंट सस्पेन्शन. काकू, हल्ली सगळे हीच नेतात.” काकूंनी पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवर अंग टाकलं. चिमटा चांगला दोन-अडीच इंच खाली गेला आणि कुरकुरत वर आला. उभं राहून पायडल मारताना हेच होतं. पायाचा जोर चाकाकडे जायचा तो स्प्रिंग दाबण्यात जातो, म्हणजे सिग्नल सुटल्यावर पहिल्या दहा मीटरांत, जिथे जोर सगळ्यात जास्त लागतो, तिथेच गळती. शिवाय स्वस्त शॉकअब्सॉर्बरचं लोखंडी ओझं रोज जिन्यावरून चढवायचं ते वेगळंच. सपाट रस्त्यावर एक-दोन किलोंनी फारसं बिघडत नाही, त्याचा बाऊ करणाऱ्यांचं मला हसू येतं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असते तेव्हा मात्र ते किलो कळतात. साधा, न हलणारा चिमटा घ्या.

२१ गिअर म्हणजे पुढे तीन चक्रं, मागे सात. त्यातले कितीतरी गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की दोन वेगळ्या रस्त्यांनी तिथेच पोचल्यासारखं होतं. एक साधी मांडणी घ्या: पुढे ४२ दात, मागे १४ ते २८ दातांची सात चक्रं. ७००सी चाकाचा घेर सुमारे २.१५ मीटर. सगळ्यात जड गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्याला चाकाच्या तीन फेऱ्या, म्हणजे जवळपास साडेसहा मीटर. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी ३१ किलोमीटर. सगळ्यात हलक्यात एका फेऱ्याला सव्वातीन मीटर, त्यावर उड्डाणपूल बसून चढता येतो. संध्याकाळी कोथरूडकडे परत येताना लागणारा तो लांबलचक मंद चढही. एवढ्यात पुण्याचं काम भागतं. चांदणी चौक ओलांडून पलीकडे राहणाऱ्यांनी पुढे आणखी एक लहान चक्र असलेली सायकल घ्यावी. बिनगिअरची सायकल सपाट गावात सगळ्यात कमी कटकटीची असते, पण भाच्याला ती सुचवायचा धीर मला झाला नाही.

ब्रेकच्या बाबतीत मी फ्रीजवरचं गणपतीपुळ्याचं मॅग्नेट पर्समध्ये घालून नेलं होतं. ते रिमला लावायचं. चिकटलं तर रिम लोखंडी, आणि पावसात लोखंडी रिमवर रबरी ब्रेक म्हणजे नुसता नवस. चिकटलं नाही तर अ‍ॅल्युमिनियमचं. त्यावर व्ही-ब्रेक असले की काम झालं; भर पावसात रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत ते जरा उशिरा धरतात, पण धरतात. (फ्रेमला मॅग्नेट चिकटलं तर घाबरू नका, लोखंडी फ्रेम वाईट नसते.) डिस्क ब्रेक चांगलेच, पण चांगले डिस्क या किमतीत बसत नाहीत. वायरने ओढल्या जाणाऱ्या स्वस्त डिस्कची चकती पार्किंगमध्ये कुणाच्या धक्क्याने जराशी वाकली की दर फेऱ्याला पॅडला घासते. ब्रेक लावूनच सायकल चालवायची असेल तर गोष्ट वेगळी. मी चाक उचलून फिरवलं. रिम ब्रेकच्या रबराजवळून जाताना डावी-उजवीकडे हलत होतं. कोऱ्या सायकलला आउट! माल दाखवणारे दादा तेव्हापासून माझ्याशी बोलायला लागले.

नवी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. लेबल जुनं असेल तर विचारायला लाजू नका.

आम्ही शेवटी जुनी घेतली. २०२० च्या लॉकडाउननंतर हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. अशाच एका सोसायटीत एक हायब्रिड मिळाली: अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, साधा चिमटा, ७००सी चाकं, व्ही-ब्रेक. मालकांनी दहा सांगितले, साडेसातला दिली. जुनी बघताना फ्रेमच्या सांध्यांवर, विशेषतः हँडलखालच्या जोडावर, केसाएवढी चीर दिसते का ते उजेडात बघायचं. रंगावर ओरखडा चालेल, चीर नाही. मग चेन. नव्या चेनचे २४ सांधे पिनेपासून पिनेपर्यंत मोजले तर बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरले तर चेन बदलायची; १/८ भरले तर मागचं फ्रीव्हीलही तिच्याबरोबर झिजलं असं धरायचं. इथे चेन शिल्लक होती, टायरं मात्र उन्हानं तडकली होती. त्यांचे पैसे भावातून कापून घेतले.

उरलेल्या पैशांतून टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं आणि वायरी, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, हेल्मेट. हे सगळं पंधरा हजारांच्या आतच धरायचं असतं. बहुतेक लोक सगळे पैसे सायकलवर उडवतात आणि मग दिवा पुढच्या पगारावर ढकलतात. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडून ओव्हरहॉलिंग करून घेतलं: हब उघडून छर्रे धुऊन नवं ग्रीस, चाकांचं आउट काढणं, चेन रॉकेलमध्ये. फार रुंद असलेलं हँडल मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी बोटभर कापलं, कारण रिक्षा आणि दुभाजक यांच्यामधून जायचं तर खांद्याइतकंच हँडल बरं.

आणि एक बदल फुकटातला. भाचा सीट इतकी खाली ठेवून बसायचा की सिग्नलला दोन्ही पाय सपाट टेकायचे. आपल्याकडे नव्वद टक्के लोक तसेच बसतात असं माझं मत. गुडघे छातीकडे येतात, मांडीचा जोर लागतच नाही आणि दोन आठवड्यांत गुडघा बोलायला लागतो. भिंतीला टेकून सीटवर बसायचं, पायडल सगळ्यात खाली, त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायडल नेहमीसारखं चवड्याखाली घेतलं की गुडघ्यात हवी तेवढीच घडी राहते. सिग्नलला सीटवरून पुढे सरकून पाय टेकायचा. सवयीला चार-सहा दिवस पुरतात. भाच्याची सीट चांगली वितीला थोडी कमी वर गेली आणि तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला तो “मावशी, गिअर बदलला का काय?” असं विचारत.

मडगार्डवरून मात्र आमचं चांगलंच वाजलं. “त्यानं लूक जातो.” मी म्हटलं, जूनमध्ये पाठीवर चिखलाची उभी पट्टी घेऊन मीटिंगला बस, मग लूकचं काय ते बघू. मडगार्ड बसले. स्टँड त्यानं लावू दिला नाही. त्याचं वजन उगाच वाहायचं नाही म्हणे. ऑफिसात सायकल भिंतीला टेकवून ठेवतो, आणि वॉचमन रोज त्याला ती हलवायला लावतो.