फेथ रिंगगोल्ड कॅनव्हास सोडून गोधडीकडे का वळल्या?

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1930 साली जन्मलेल्या फेथ रिंगगोल्ड यांना चित्रकार व्हायचं होतं. सिटी कॉलेजमध्ये मात्र मुलींना हा विषय शिक्षिका होण्यासाठीच घेता येई. त्यांनी तोही मार्ग पत्करला. पुढे अडचण दुहेरी झाली. गोऱ्यांच्या गॅलऱ्या त्यांना दारात उभं करेनात आणि कृष्णवर्णीय कलाकारांचे गटही बहुतेक पुरुषांचेच.

1970 मध्ये त्या आणि इतर स्त्रिया व्हिटनी म्युझियमविरुद्ध उभ्या राहिल्या. प्रदर्शनात निम्म्या स्त्रिया हव्यात, ही मागणी. निषेध म्हणून म्युझियममध्ये चक्क अंडी ठेवली! त्या वर्षीच्या शिल्पप्रदर्शनात बेटी सार आणि बार्बरा चेस-रिबू या कृष्णवर्णीय स्त्रिया पहिल्यांदाच दिसल्या.

मग गोधडी का? एक तर ती गुंडाळून कुठेही नेता येते. दुसरं, त्यांची खापरपणजी गुलामगिरीत मालकांसाठी गोधड्या शिवत असे. पहिली गोधडी त्यांनी 1980 मध्ये आईसोबत केली. आत्मचरित्राला प्रकाशक मिळेना, तेव्हा 1983 पासून त्यांनी गोष्टीच गोधडीवर लिहिल्या.

आणि त्यांचं 1967 मधलं 'डाय' हे गाजलेलं चित्र? न्यूयॉर्कच्या 'मोमा'नं ते विकत घेतलं 2016 मध्ये. तेव्हा त्या पंच्याऐंशी ओलांडलेल्या होत्या.