थंडीत बोटे बधिर होतात? दुचाकीचे ग्लोव्हज घेताना ऊब, पकड आणि सुरक्षा यांचा मेळ असा घाला

डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला हिंगोलीहून औंढ्याकडे किंवा कळमनुरीकडे निघालात, तर रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. अपडाउन करणारे शिक्षक, दूधवाले, बाजार समितीत लवकर पोहोचायच्या घाईतले हळद उत्पादक. अंगात स्वेटर, त्यावर जॅकेट, कानाला घट्ट मफलर. आणि हात मात्र उघडे, फार तर लोकरीचे मोजे. कायाधूच्या काठावरचे धुके लागले की डावा हात खिशात जातो, पुढच्या फाट्यावर गाडी थांबते आणि दोन्ही हात गरम इंजिनजवळ धरले जातात.

गमतीचा भाग सोडला, तर डावा हात खिशात असताना क्लच आणि हॉर्न दोन्ही बिनधनी असतात. उजवा हात बधिर झालेला असेल तर पुढचा ब्रेकही.

पारा 10, पण बोटांना किती?

गाडी उभी असताना जाणवणारी थंडी आणि चालत्या गाडीवरची थंडी वेगळी. शरीराभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून लावतो. हा परिणाम मोजण्यासाठी अमेरिका आणि कॅनडाने 2001 मध्ये एक सूत्र स्वीकारले. त्यात 10 अंश सेल्सिअस तापमान आणि ताशी 60 किलोमीटर वारा घातला, की उत्तर येते साधारण 5 अंश. वेग 40 वर आणला तरी 6. म्हणजे गाडी हळू चालवून फारसा फायदा नाही, वारा अडवला तर आहे. शिवाय हे सूत्र चेहऱ्याच्या त्वचेवर बेतलेले आहे. बोटे बारीक असल्याने ती उष्णता आणखी लवकर गमावतात.

त्यात शरीराचा स्वतःचा हिशेब वेगळा. थंडी वाढली की हृदय, फुप्फुसे उबदार ठेवण्यासाठी हातापायांच्या बोटांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी केला जातो. बोटाच्या त्वचेचे तापमान साधारण 15 अंशांच्या खाली गेले की बारीक हालचाली जड होतात. शर्टाचे बटण लागत नाही, तसाच ब्रेकचा लिव्हर किती दाबला हेही नीट कळत नाही. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे 16.7 मीटर जाते. बधिर बोटांमुळे ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला, तर गाडी 8 मीटर पुढे गेलेली असते. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसेल, तर हे 8 मीटर फार असतात.

लोकरीचे मोजे का पुरत नाहीत?

कॉलेजला असताना रस्त्याकडेच्या गाड्यावरून मी पहिले हातमोजे घेतले, ते लोकरीचेच होते. घरात घातले तेव्हा छान वाटले. गाडीवर वारा विणीतून थेट आत आला. त्याहून वाईट म्हणजे रबरी ग्रिपवर ते सरकायचे, त्यामुळे थ्रॉटल धरायला दुप्पट जोर लावावा लागायचा आणि पंधरा किलोमीटरमध्ये मनगट दुखायचे. लोकर ऊब धरते हे खरे, पण वारा अडवणारा थर बाहेर असेल तरच. म्हणून लोकरीच्या मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवणाऱ्या दूधवाल्यांचे विज्ञान बरोबर आहे. पकडीचे मात्र काय होते, ते त्यांनाच विचारा.

पडल्यावर हात आधी का टेकतो?

पडताना माणूस हात पुढे करतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती शिकवून थांबत नाही. तळहाताचा मनगटाकडचा भाग आधी डांबराला लागतो. तो खरखरीत रस्त्यावर अडकला की मागून येणारे शरीराचे सगळे वजन मनगटावर येते. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड असते, ते अशाच पडण्यात मोडते. त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते जुळायलाही वेळ घेते. चांगल्या रायडिंग ग्लोव्हजमध्ये तळहाताच्या या भागावर कडक, गुळगुळीत तुकडा बसवलेला असतो. त्याला पाम स्लायडर म्हणतात. त्याचे काम एवढेच, की हात रस्त्यात अडकू नये, घसरावा. दुकानात गिऱ्हाइकाची नजर बोटांच्या सांध्यांवरच्या चकचकीत कवचावर जाते. माझ्या मते आधी ग्लोव्हज उलटा करून तळवा बघावा.

ताशी 50 च्या वेगात पडलेला माणूस कोरड्या डांबरावर किती घसरतो? घर्षण गुणांक 0.6 धरला, तर साधारण सव्वादोन सेकंद आणि 16 मीटर. युरोपीय मानक ईएन 13594 मध्ये तळव्याचे कापड किंवा चामडे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर घासून बघतात. पातळी 1 साठी ते 4 सेकंद टिकायला हवे, पातळी 2 साठी 8. यंत्र आणि रस्ता एक नव्हे, पण दोन ग्लोव्हजची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. आतल्या लेबलवर दुचाकीस्वाराचे चित्र, हा मानक क्रमांक आणि 1 किंवा 2 छापलेले असते. सांध्यांच्या कवचाचीही आघात चाचणी झाली असेल तर ‘केपी’ ही अक्षरे असतात. नुसते ‘सीई’ लिहिले असेल, तर त्यावरून फार काही ठरत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 129 हेल्मेटपुरते आहे, हातांबद्दल त्यात काही नाही. त्यामुळे बाजारात ‘रायडिंग ग्लोव्हज’ या नावाखाली काहीही विकले जाते.

मग सगळ्यात जाड तेच घ्यावेत?

नाही, खरी ओढाताण इथेच आहे. अस्तर जाड झाले की ऊब वाढते, पण लिव्हर आणि बोट यांच्यात गादी येते. इंडिकेटरचे बटण सापडत नाही. जाड ग्लोव्हज घट्ट बसत असतील तर उलटाच परिणाम होतो. रक्तप्रवाह दबतो आणि बोटे अधिक गार पडतात. बोटाच्या टोकाशी किंचित जागा हवी, तळव्याला मात्र चुणी पडता कामा नये. तळव्यासाठी बकरीचे चामडे चांगले, कारण ते पातळ असूनही चिवट असते.

हिंगोलीची कडक थंडी दीड-दोन महिन्यांची, आणि तीही सकाळ-संध्याकाळची. दुपारी त्याच रस्त्यावर घाम येतो. तेवढ्यासाठी हिमाचलच्या ट्रिपचे जाड विंटर ग्लोव्हज घेणे मला पटत नाही. त्यापेक्षा मध्यम जाडीचे, वारा अडवणारे, मनगट झाकणारे ग्लोव्हज घ्यावेत आणि आत घालायला पातळ अस्तरी मोजे वेगळे ठेवावेत. ऊन वर आले की आतले काढून खिशात. माप घेताना मात्र आतले मोजे घालूनच घ्यायचे.

दुसरा उपाय बहुतेकांना सुचत नाही, कारण तो हातात घालायचा नाही, गाडीला लावायचा आहे. हँडलपुढे लावायचे हँडगार्ड वारा हातापर्यंत येण्याआधीच अडवतात. मग पातळ ग्लोव्हजही पुरतात आणि ब्रेकची जाणीव शाबूत राहते. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. लिव्हर, केबल किंवा टाकीला काही लागत असेल तर जागा बदलून घ्या.

दुकानात काय बघायचे?

अंगठा सोडून तळहाताचा घेर टेपने मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. रायनॉक्स, वायाटेरा, रॉयल एनफिल्ड यांच्या संकेतस्थळांवर तक्ते असतात. एका कंपनीचा ‘एल’ दुसरीचा ‘एम’ निघू शकतो. घातल्यावर मूठ वळा, जमल्यास स्वतःच्या गाडीवर बसून क्लच, ब्रेक, हॉर्न, डिपर सगळे दाबून बघा. बोटांच्या टोकाची शिवण आत टोचत असेल, तर अर्ध्या तासाने ती असह्य होते. मग मनगटाचा पट्टा लावा आणि बरोबरच्या माणसाला बोटांच्या टोकांना धरून ओढायला सांगा. ग्लोव्हज निसटून आला तर तो पडतानाही निसटणार. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

स्थानिक दुकानात प्रकार कमी मिळतात, म्हणून बरेच जण नांदेड गाठतात किंवा ऑनलाइन मागवतात. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत बघा आणि घरात घालून बघेपर्यंत टॅग काढू नका.

टचस्क्रीनवर चालणाऱ्या बोटांना फार भाव देऊ नका. नकाशा बघायला ते ठीक, पण वारंगा फाट्यावर खिचडी खाऊन यूपीआयचा पिन टाकताना ग्लोव्हज काढावाच लागतो.

मार्चनंतर हेच ग्लोव्हज नको वाटतील. उन्हाळ्यासाठी जाळीचे वेगळे मिळतात, फक्त तळव्याला चामडे आणि स्लायडर आहे का ते बघून घ्या. उन्हापासून वाचवणारे सुती लांब हातमोजे स्कूटीवर सर्रास दिसतात. त्यांनी हात काळवंडत नाहीत, रस्त्यावर घासल्यावर मात्र ते काही क्षणही टिकत नाहीत. आणि चामड्याचे ग्लोव्हज पावसात भिजले तर उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, कडक होतात. आत कागद कोंबून सावलीत दोन दिवस ठेवा. पहिल्या एक-दोन वेळा हाताला काळा रंग लागेल, तो साबणाने निघतो.