समघटकांची ओळख : सरकीतील गॉसिपॉल

रेणुसूत्र एकच, पण अणूंच्या जोडणीचा क्रम भिन्न, असे पदार्थ संरचना-समघटक होत. क्रमही एकच राहून केवळ अवकाशातील मांडणी भिन्न असेल, तर ते त्रिमितीय समघटक. त्यांतही आरशातील प्रतिबिंबासारखी, परंतु परस्परांवर तंतोतंत न बसणारी जोडी हा एक वर्ग. उरलेले सारे दुसऱ्या वर्गात येतात.

यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या सरकीत आढळणारे गॉसिपॉल पहिल्या वर्गाचे होय. त्यात असममित कार्बन अणू नाही. दोन नॅप्थॅलीन-खंडांना जोडणाऱ्या बंधाभोवतीचे परिभ्रमण शेजारच्या गटांमुळे अडते, म्हणून दोन रूपे संभवतात. ध्रुवित प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळविणारे रूप अधिक विषारी असते. रेणुसूत्रावरून हा भेद कळत नाही. तेव्हा वासरांना सरकीची पेंड घालण्यापूर्वी तीत गॉसिपॉल किती, याबरोबरच कोणते, हेही पाहणे अगत्याचे ठरते.