बादली, तबला आणि सिंथेसायझर

मुंबईत वाढलेल्या त्रिलोक गुर्टू यांनी जिमी हेन्ड्रिक्सच्या तबकड्या ऐकल्या, तेव्हा स्टुडिओत एकावर एक ट्रॅक चढवतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कानावर पडतंय ते सगळं आपल्यालाही वाजवता आलं पाहिजे, अशी समजूत. मग काय, सगळंच शिकायला घेतलं! यंत्राची करामत हातानं साधायचा हा खटाटोप पुढं त्यांची ओळख बनला.

जन्म 1951 चा. आई बेळगावच्या, ठुमरीगायिका शोभा गुर्टू. त्यामुळं तबला आधी, ड्रम नंतर. सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले, डॉन चेरी यांच्यासारख्यांबरोबर जॅझ वाजवू लागले. पुढं ‘ओरेगॉन’ हा जॅझगट आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांचं त्रिकूट. ड्रमवाले स्टुलावर बसतात. गुर्टू जमिनीवर गुडघे टेकून. हाताशी तबला आणि पाण्यानं भरलेली बादली. झांजेवर आघात करायचा आणि ती घुमत असतानाच पाण्यात बुडवायची, की सूर वाकत खाली घसरतो. सिंथेसायझरवर बटण फिरवून जे होतं, ते इथं बादलीत.

1988 च्या ‘उस्फ्रेत’ या अल्बममध्ये आईचा आवाज आणि जॅझवाले एकत्र आले. तबल्याला इलेक्ट्रॉनिक ठेक्याशी जोडणाऱ्या तलविन सिंग, नितीन सॉनी या ब्रिटनमधल्या पुढच्या पिढीनं त्यातून प्रेरणा घेतली. म्हणजे गुर्टू यंत्राकडं जाण्याआधी यंत्रवालेच त्यांच्याकडं आले होते.

2000 मध्ये निर्माते बिल लास्वेल यांच्या ‘ताला मॅट्रिक्स’ या अल्बममध्ये त्यांनी झाकीर हुसेन, तलविन सिंग आणि न्यूयॉर्कच्या कर्ष काळे यांच्यासोबत वाजवलं. खरी उडी 2004 ची. ‘चिल्ड्रन’ या डान्स-ट्रॅकनं युरोप गाजवलेल्या रॉबर्ट माइल्सबरोबर त्यांनी ‘माइल्स गुर्टू’ हा अल्बम केला.

आपल्याकडं चिखली-मेहकरच्या वरातीत ऑक्टोपॅडवर ढोलकी वाजली तर कुणाला वावगं वाटत नाही. जॅझवाल्यांचं सोवळं मात्र कडक. 1970 मध्ये ‘बिचेस ब्रू’ या इलेक्ट्रिक वाद्यांच्या अल्बमसाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनाही बोलणी खावी लागली होती. गुर्टू यांनी ठेका यंत्राच्या हवाली केला नाही, हेच त्यांचं शहाणपण. भोवतालचा नाद रॉबर्ट माइल्सनं उभा केला, लय गुर्टू यांच्या हातात राहिली.

यंत्रांच्या संगतीतच मुक्काम मात्र त्यांनी केला नाही. 2013 च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये ते ट्रम्पेटवाल्यांत रमलेले दिसतात. रॉबर्ट माइल्स 2017 मध्ये कर्करोगानं गेले. दोघांचा दुसरा अल्बम झालाच नाही. ऐकायचं असेल तर आधी ‘उस्फ्रेत’ ऐका, मग ‘माइल्स गुर्टू’.