प्राचीन नाण्यांचा संग्रह : प्रारंभ कसा करावा?

प्राचीन नाण्यांचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने खरेदीपूर्वी निरीक्षणाचा अभ्यास करावा. सर्वच काळांची नाणी गोळा करण्यापेक्षा एखादे राजघराणे निवडणे श्रेयस्कर होय; उदाहरणार्थ, सातवाहन. वस्तुसंग्रहालयातील अस्सल नाणी वारंवार पाहिल्याने बनावट नाणे ओळखण्याची दृष्टी येते.

नाण्याचे खरे मोल धातूत नसते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटविलेली होती. सातवाहनांनी क्षहरातांवर मिळविलेल्या विजयाचा हा ठोस पुरावा ठरला. निधी अभ्यासापूर्वीच वितळविला गेला असता, तर हा पुरावा कायमचा नष्ट झाला असता.

म्हणून नाणे चिंचेने, आम्लाने वा राखेने घासू नये; त्यामुळे अक्षरे व चिन्हे झिजतात. प्रत्येक नाणे स्वतंत्र पाकिटात ठेवून त्याचे वजन, व्यास, धातू, चिन्हे आणि प्राप्तिस्थान वहीत नोंदवावे. प्राप्तिस्थान अज्ञात राहिल्यास नाण्याची निम्मी साक्ष लोपते.

जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. तसेच १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीस निर्यात करता येत नाहीत. संग्राहक हा नाण्याचा केवळ धनी नसून इतिहासाचा विश्वस्तही असतो.