बिबट्या नेला तरी जागा उरते

कळंब, वालचंदनगर, भवानीनगर या पट्ट्याला ऊस नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचं पाणी या दुष्काळी मुलखात उतरलं. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला. पुढे छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, नीरा-भीमा हे कारखाने आले, उजनीचं पाणी आलं, आणि जिथं कुसळं उगवायची तिथं पेरंच्या पेरं उभी राहिली. नवा आहे तो त्या उसातला बिबट्या. गेल्या काही वर्षांत दौंड, बारामती, इंदापूर भागातून तो दिसल्याच्या बातम्या वारंवार येतात. मोबाईलवर एखादी अंधुक चित्रफीत फिरली की संध्याकाळी सातलाच वस्त्यांची दारं लागतात, आणि सकाळी मागणी ठरलेली असते: पिंजरा लावा, घेऊन जा.

इथल्या जुन्याजाणत्यांच्या ओळखीचा शिकारी म्हणजे लांडगा. कडबनवाडीच्या, शिर्सुफळच्या माळांवर तो आजही चिंकाऱ्यांच्या सोबतीनं टिकून आहे. त्याच्याशी कसं वागायचं हे धनगरांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. रात्री मेंढरांभोवती वाघर, राखणीला कुत्री, पाळीपाळीनं जागा माणूस. एखादं कोकरू गेलं तर हळहळ होते, पण त्यासाठी कुणी रस्ता अडवत नाही. बिबट्याच्या बाबतीत मात्र हे जुनं शहाणपण पुरं पडत नाही. लांडगा उघड्या माळावर लांबून दिसतो. बिबट्या बांधापासून दोन हातांवर दबा धरून बसला तरी दिसत नाही, आणि ज्या कुत्र्याच्या भरवशावर आपण झोपतो तेच त्याचं आवडतं खाद्य असतं.

तो उसात का राहतो, याचं उत्तर शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. आत गारवा, कडेला पाट, फडात रानडुकरं, वस्तीवर शेळ्या आणि मोकाट कुत्री. मादीचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा, एका वेळी दोन-तीन पिल्लं, आणि ती दीड-दोन वर्षं आईच्या मागं फिरतात. म्हणजे फडात जन्मलेल्या पिल्लाला जंगल नावाची गोष्ट माहीतच नसते. ‘जंगलातला प्राणी वाट चुकून आला’ हे वाक्य त्याला लागू होत नाही.

वन्यजीव संशोधक विद्या आत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात स्वयंचलित कॅमेरे लावून जो अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३००हून अधिक माणसं राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात पाळीव आणि गावातल्या जनावरांचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि त्यातही पहिला नंबर कुत्र्यांचा. इतकी जवळीक असूनही तिथं माणसांवरचे हल्ले फारच कमी होते.

त्याआधी जुन्नरनं उलटा अनुभव घेतला होता, आणि तो इंदापूर-बारामतीनं नीट वाचायला हवा. २००१ ते २००३ या काळात तिथले बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. हेतू चांगलाच होता. त्यापूर्वीच्या काळात त्या भागात वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतराच्या काळात ती सरासरी सतरावर गेली. शिवाय जिथं बिबटे सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. मोठा नर आपली हद्द राखून असतो, तरण्या नरांना तो तिथं टिकू देत नाही. तो गेला की हद्द मोकळी होते आणि कोवळे, अननुभवी बिबटे तिच्यात शिरतात. त्यांना ना पायवाटा माहीत, ना माणसांच्या उठण्या-बसण्याच्या वेळा. आणि पकडून दूर नेलेला जखमी, बिथरलेला बिबट्या सोडल्या जागी थांबतच नाही.

हजारो मैलांवर, वेगळ्या जातीच्या मांजरात हेच दिसलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्यूमा, म्हणजे तिथला ‘माउंटन लायन’, त्रास देतो म्हणून त्याची शिकार वाढवण्यात आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं की ज्या भागात जास्त प्यूमा मारले, तिथं पुढच्या वर्षी तक्रारी आणि जनावरांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. कारण जुन्नरसारखंच: जाणते नर गेले, पोरसवदा आले.

अंतराचं या जनावरांना काही वाटत नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका प्रौढ बिबट्याला काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या दारात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत त्यानं कुणालाही इजा केली नाही. २०११ साली घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेनं तो मेला. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये दहा वर्षं एकट्यानं राहिलेल्या ‘पी-२२’ या प्यूमालाही शेवटी गाडीचीच धडक बसली. २०२२च्या डिसेंबरात त्याला दयामरण द्यावं लागलं.

हे लिहिताना शिरूर तालुका नजरेआड करता येत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन लहान मुलं होती. लोकांनी महामार्ग रोखला, वनखात्याची गाडी जाळली. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराला सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणारा बिबट्या हटवलाच पाहिजे, आणि वेळ आली तर मारलाही पाहिजे. कायद्यात तशी तरतूद आहे. पण हल्ला करणारा बिबट्या आणि नुसता दिसलेला बिबट्या यांत फरक आहे, आणि पिंजऱ्याला तो कळत नाही. आतल्या शेळीच्या वासानं जो येईल तो अडकतो. मग त्याची रवानगी जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात, आणि मागं उरते ती मोकळी हद्द.

उसाची तोड सुरू झाली की खरी कसोटी लागते. फड कमी कमी होत जातो, कोयते पुढं सरकतात आणि पाचटात मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली पिल्लं सापडतात. त्या क्षणी काय होतं यावर पुढचे कित्येक दिवस अवलंबून असतात. गर्दी जमली, पिल्लं हातोहात फिरली, फोटो निघाले, तर रात्री आई पिसाळल्यासारखी वस्तीभोवती फिरते. जुन्नर भागात वनखातं आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ संस्थेचे पशुवैद्यक वेगळं करतात. पिल्लांची तपासणी होते, कातडीखाली तांदळाएवढी चिप बसते, आणि सांज होताच पिल्लं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून ज्या सरीत सापडली तिथंच ठेवली जातात. कॅमेरा लावून माणसं लांब जातात. अंधार पडल्यावर आई येते, क्रेट पाडते आणि एकेकाला मानगुटीला धरून शेजारच्या उभ्या उसात नेते. ही कामगिरी वनखात्याइतकीच त्या दिवशी तोड थांबवणाऱ्या मुकादमाची असते, कारण थांबलेल्या कोयत्याला मजुरी मिळत नाही. कारखान्यांनी हा खाडा भरून देण्याची सोय करावी. फार मोठी रक्कम नाही ती.

ऊसतोड मजुरांची स्थिती तर सगळ्यांत बिकट. बीडकडून आलेली टोळी फडाच्या कडेलाच कोप्या घालते. दार नाही, लाईट नाही, संडास नाही. पहाटे अंधारात बाई उघड्यावर बसलेली असते, आणि बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला उभ्या माणसासारखं दिसत नाही. कोप्या उसापासून लांब, एकत्र आणि उजेडात असाव्यात, फिरती शौचालयं असावीत, लेकरं मधोमध झोपावीत. गाळप परवान्याच्या अटींत या गोष्टी घालायला काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न लाईटचा. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असते तेव्हा शेतकऱ्याला मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जावंच लागतं, आणि तेही उसाच्या सरीतून एकट्यानं. बिबट्या ज्या वेळी फिरतो नेमक्या त्याच वेळी सरकार माणसाला त्याच्या वाटेवर पाठवतं. बिबटप्रवण गावांना दिवसा वीज ही मागणी म्हणूनच पिंजऱ्याच्या मागणीपेक्षा मोठ्या आवाजात व्हायला हवी. सौर कृषी वाहिनीच्या कामात या गावांचा क्रम आधी लागला पाहिजे. बाकी कामं गावाच्या हातातली आहेत: गोठ्याला वरून जाळी आणि भक्कम दार, कोंबड्यांची घाण आणि मेलेली जनावरं ओढ्यात न टाकणं, मोकाट कुत्री आटोक्यात ठेवणं. नसबंदीचा प्रयोग बिबट्यांवर करण्याची चर्चा झाली आहे. तो होईल तेव्हा होईल, कुत्र्यांची नसबंदी उद्यापासून करता येते.

आणि शेळी गेलीच, तर ती जागची हलवू नये. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावं. १९२६ हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे. पंचनामा वेळेत झाला तर भरपाई मिळते. तो होत नाही, खेटे घालावे लागतात, तेव्हा एखादा चिडलेला माणूस अर्धवट खाल्लेल्या शेळीवर कीटकनाशक ओततो. त्यानं बिबट्या मरतो, त्याची पिल्लं मरतात, कुत्री आणि घारी मरतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच फडात दुसरा बिबट्या येऊन राहतो. इंदापूर-बारामतीच्या वनरक्षकांकडे पंचनाम्याला वेळेत पोचता येईल इतकी माणसं आणि गाड्या आहेत का, हे ग्रामसभांनी येत्या गाळप हंगामाआधी विचारायला हवं.